काठावर राहिलेली दुभाषी

शिवनाथला पूर आला की आमच्या ह्यांना निकाराग्वा आठवतं. भिलाईतल्या बाकीच्या माणसांना पावसाळ्यात भजी आठवतात, गळणारं छप्पर आठवतं, दुरुस्तीला टाकून विसरलेली छत्री आठवते. हे मात्र रेनकोट चढवून स्कूटर काढतात, दुर्गच्या बाजूला पुलापर्यंत जातात, बघ्यांच्या गर्दीत उभं राहून पाणी न्याहाळतात आणि घरी येऊन निकाल देतात, "सान हुआनपेक्षा कमीच हाय." कोहका वस्तीतल्या आमच्या शेजारीण साहूबाई हे इतक्यांदा ऐकत आल्या आहेत, की बरेच दिवस त्यांची समजूत होती, सान हुआन हा बोरसीच्या पलीकडचा एखादा नाला असावा.

सान हुआन ही नदी आहे आणि ती पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा नावाच्या लहानशा देशात आहे. एका समुद्रासारख्या तळ्यातून ती निघते आणि जंगलातून वाहत खऱ्या समुद्राला मिळते. तिच्या काठाने रस्ता नाही. दुकान, शाळा, दवाखाना, माहेर, सासर, सगळीकडे लाँचने जायचं. पावसाळा तिथेही आपल्याच महिन्यांत येतो. शहाणी माणसं त्या दिवसांत तिकडे फिरकत नाहीत, म्हणून तिकिटं स्वस्त असतात, आणि म्हणून आम्ही तेव्हाच गेलो.

आमच्या ह्यांच्या प्रवासाविषयी आधी सांगायला हवं. माझे सासरे नागपूरकडचे, मालगाडीवर गार्ड. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ह्यांचं बालपण गेलं आणि सगळा प्रवास पासावर झाला. पुढे हे भिलाईच्या कारखान्यात लागले तेही रेल मिलमध्ये, रूळ तपासायला. त्यामुळे जगातली सगळी वाहनं ही रेल्वेचीच कमी-जास्त बिघडलेली रूपं आहेत असं त्यांचं मत आहे. विमानात बसल्याबरोबर त्यांनी सीटखाली वाकून बॅगेला साखळी बांधायला कडी आहे का ते पाहिलं होतं. कडी नव्हती. हवाईसुंदरीकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं ती नजर मी रूळ नापास झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

गेलो होतो मुलीकडे. मेघना आमची एकुलती एक. इंजिनीअर झाली, वडिलांच्याच कारखान्यात अधिकारी म्हणून लागली, तेव्हा ह्यांनी कॉलनीच्या सेक्टरभर पेढे वाटले. पेढ्यांची चव लोकांच्या जिभेवर असतानाच तिने राजीनामा दिला. नद्यांच्या पाण्याचा अभ्यास करायला म्हणून आधी दुसऱ्या शहरात गेली, आणि तिथून थेट सान हुआनच्या काठी, पाण्यात किती गाळ आहे ते मोजायच्या नोकरीवर. "पाणी मोजाले नोकरी सोडली?" हे म्हणाले होते. "पाणी तर आपल्या टाकीत बी मोजता येते." त्यावर ती काहीतरी बोलली, त्यावर हे काहीतरी बोलले, आणि मग दोघं एकमेकांशी बोलायचेच थांबले.

बोलायचे थांबले म्हणजे माझ्यामार्फत बोलू लागले. फोन मी धरायचा. हे बाजूला पेपर उघडून बसणार आणि पेपरातूनच म्हणणार, "तुह्या पोरीले विचार, जेवली काय." मी विचारायची. तिकडून उत्तर, "तुझ्या नवऱ्याला सांग, जेवले." दोघांनाही एकमेकांचा आवाज स्पष्ट ऐकू येत असे. तरी मी मधे नसले तर वाक्य पोचत नसे. दोनेक वर्षं मी ही दुभाष्याची नोकरी बिनपगारी केली, आणि त्यात एक सोय होती हेही सांगून टाकते. "त्या हट्टी म्हाताऱ्याला सांग" याचं भाषांतर मी "बाबांना नमस्कार सांगते आहे" असं करत असे.

पण फोनवर किती दिवस भागवणार. मुलीला परत आणायचं, निदान दोघांना समोरासमोर बसवायचं, असं मी मनाशी धरलं. ह्यांना म्हटलं, मी एकटी जाते. हे तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू एकटी जाशीन तर मले भात कोन लावून देईन?" त्यांना स्वतःला भात लावता येतो. मी दोन तिकिटं काढली.

निघायच्या दिवशी घराच्या ग्रिलचं कुलूप आणि बॅगेच्या साखळीचं कुलूप अशी दोन कुलपं हे एकाच दुकानातून घेऊन आले. एकाच मापाची, एकाच कंपनीची, दाबलं की बंद होणारी. ग्रिलला कुलूप लावलं, ग्रिलची म्हणून एक किल्ली साहूबाईंकडे झाडांना पाणी घालायला दिली, साखळीची म्हणून दुसरी स्वतःच्या करदोड्याला बांधली. रेल्वेवाल्यांच्या घरात किल्ली करदोड्यालाच बांधायची पद्धत आहे, चोर तिथपर्यंत पोचत नाही म्हणून. या दोन किल्ल्यांचं पुढे काय झालं ते कळेलच.

रायपूरहून निघालो. तिकीट स्वस्त होतं म्हणजे विमान वाटेत दिसेल त्या देशात उतरत होतं. एका विमानतळाच्या बाकावर आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या सोडल्या, तेव्हा शेजारचं एक कुटुंब आधी सरकून लांब बसलं आणि थोड्या वेळाने सरकत जवळ आलं. राजधानीत पोचलो तर मेघनाने आमच्यासाठी ठरवलेली जागा म्हणजे पाठीवर पिशव्या टाकून जग हिंडणाऱ्या पोरापोरींची धर्मशाळा. एका खोलीत एकावर एक पलंग. आमच्या वाट्याला वरचे दोन आले. मला घाम फुटला, पण हे पहिल्यांदाच आपल्या प्रांतात आल्यासारखे ताठ झाले. खालच्या पलंगावर एक सोनेरी दाढीवाला तरुण पालथा झोपला होता. ह्यांनी त्याला हलवलं, आपले पांढरे केस दाखवले, आणि म्हणाले, "सीनियर सिटिझन. लोअर बर्थ." त्या बिचाऱ्याला काय कळलं कोण जाणे, पण तो उशी घेऊन निमूट वर गेला. सकाळी सगळ्यांच्या रंगीत टॉवेलांच्या रांगेत ह्यांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वाळत होती आणि दाढीवाला तिचा फोटो काढत होता.

नाश्त्याला तिथे लाल राजम्यासारख्या दाण्यांत परतलेला रात्रीचा भात देतात. मी ताटलीकडे बघतच राहिले. इतके समुद्र ओलांडून फोडणीचा भात भेटेल असं वाटलं नव्हतं. मला तिथेच जरा धीर आला. ज्या देशात उरलेला भात सकाळी परततात तिथे आपली मुलगी अगदीच परक्यांत नाही.

मग एका जुन्या पिवळ्या शाळेच्या बसने तळ्याकाठच्या गावापर्यंत. बॅग टपावर गेली. दोरी बस-कंडक्टरने बांधली, पण गाठ ह्यांनी शिडीवर चढून पास केली. त्या बॅगेत माझा जीव होता. लोणचं, कुरडया, सांडगे, मुगाच्या वड्या, साखरआंबा, तिच्या आवडीचा पातळ पोह्यांचा चिवडा. कपडे आमचे पिशवीत होते.

आणि मग लाँच. लांबच लांब, अरुंद, वर पत्र्याचं छप्पर, दोन बाजूंना बाकं. हे पुढे धावले आणि खिडकीजवळची म्हणजे पाण्याजवळची जागा रुमाल टाकून धरली, मला आणायला मागे आले. आम्ही जाईपर्यंत तिथे एक बाई बसली होती. तिने रुमाल उचलून मांडीवरच्या लेकराचं नाक पुसलं होतं आणि आता तो नीट घडी करून ह्यांना परत देत होती, हसून. हे तो रुमाल दोन बोटांत धरून बराच वेळ उभे होते. शेवटी पाण्यात धुतला.

माझ्या साडीवर नारिंगी तरंगतं जाकीट चढवलं गेलं आणि लाँच सुटली. दोन्ही बाजूंना हिरवं, मधे चहाच्या रंगाचं पाणी, वरून पाऊस. मधेच काठावर एखादं खांबांवर उभं केलेलं घर, आणि त्याच्यापुढे कुणीतरी कापड हलवताना दिसायचं. लाँच वळून तिकडे जायची. कुणाला उतरायचं असे, कुणाला नुसती अंडी द्यायची असत, एकाला आपलं डुक्कर बहिणीकडे पाठवायचं होतं. सामान हातोहात पुढे जायचं, गॅसचं सिलिंडर, कोंबडी, नवी खुर्ची, आणि सगळं माझ्या मांडीवरून. हे खुलले. "फ्लॅग स्टेशन हाय," म्हणाले. "बाबाच्या टायमाले असंच होतं. हात दाखवला का गाडी थांबे." जरा वेळाने त्यांनी धुतलेला रुमाल वाळवायच्या निमित्ताने बाहेर धरला आणि काठावरच्या माणसांना उत्तरादाखल हलवायला लागले. शेवटी गार्डाचेच चिरंजीव. मी त्यांना इतकं मोकळं निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

पण त्याआधीच, बसल्याबसल्या, त्यांनी बॅगेला साखळी लावली होती. अट्टल प्रवाशासारखी लावली होती, बाकाच्या लोखंडी पायातून, बॅगेच्या बंदांतून आणि वर चेनच्या दोन्ही कड्यांतून ओवून. मी म्हटलं, "अहो, नदीत चोर पळून जाईन कुठं?"

"पान्यातच तर पळते," हे म्हणाले. "पायाचे ठसे बी नाई राहत." आणि कुलूप दाबलं. टक्.

मेघनाचं गाव एल कास्तियो. टेकडीवर जुना किल्ला, खाली पाण्यावर झुकलेली लाकडी घरं, आणि गावाला लागूनच नदीत खडकांवरून फेसाळत जाणारा उतार. धक्क्यावर मेघना उभी होती. काळवंडलेली, बारीक, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मला लोकांनी उचलूनच खाली ठेवलं. मी तिला कवटाळलं, मग दोघी वळून पाहतो तर हे लाँचमध्ये बाकाखाली वाकलेले. करदोड्याची किल्ली कुलपात जात होती, पण फिरत नव्हती. कंबर कुलपाजवळ न्यावी लागत असल्याने ते ज्या अवस्थेत होते ती मी इथे लिहीत नाही. लाँचमधली सगळी माणसं आदराने दुसरीकडे बघत होती.

आणि तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं. ही किल्ली घराच्या ग्रिलची. साखळीची साहूबाईंकडे. त्यांनी महिनाभर रोज आमचं कुलूप उघडायचा प्रयत्न केला, शेवटी कुंपणावरून पाइप टाकून झाडांना पाणी घातलं आणि "मराठी लोग ताला भी समझ के लगाते हैं" असं कौतुकाने मला नंतर सांगितलं.

लाँचवाल्याने भोंगा वाजवला. अंधाराच्या आत त्याला खालचा पल्ला गाठायचा होता. बॅग कापून सामान काढू, असं त्याने सुरी दाखवून सुचवलं. हे बॅगेवर आडवे झाले. मेघनाने त्याच्याशी स्पॅनिशमध्ये भराभर बोलून घेतलं आणि मला म्हणाली, "समुद्राजवळच्या शेवटच्या गावात यांचं वर्कशॉप आहे. तिथे साखळी कापून देईल, उद्या परत येताना सोडेल. आई, तुझ्या नवऱ्याला सांग, बॅग जाऊ दे, तुम्ही उतरा."

मी ओरडून सांगितलं.

"तिले सांग," हे ओरडले, "लोणचं हाय त्याच्यात. बॅग जाईन तर मी बी जाईन."

दोरी सुटली. लाँच मागे सरकली. आमचे हे, नारिंगी जाकिटात, बॅगेला मिठी मारून, भाषा येत नसलेल्या नदीवर, फेसाच्या दिशेने निघाले. मेघनाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि रबरी बुटांसकट उडी मारली. लाँचच्या कडेला लोकांनी तिला ओढून घेतलं. "आई, घाबरू नको, कल आते हैं," एवढं ऐकू आलं. लाँच खडकांत शिरली, उसळली, खाली गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

मी घाबरले होते, पण त्या उताराला नाही. दोघं एका बाकावर बसणार होते आणि मधे मी नव्हते. कोण काय बोलेल, त्यातलं काय गाळायचं, कशाचं काय करायचं, हे बघायला कुणीच नव्हतं. रागाच्या भरात हे एकदा फोन ठेवल्यावर म्हणाले होते, आमच्यासाठी ती नाहीच म्हणून. ते मी तिच्यापर्यंत कधीच पोचू दिलं नव्हतं. आता सगळं सरळ पोचणार होतं.

रात्र आणि दुसरा दिवस मी दोन्या इर्मांकडे, म्हणजे आपल्या भाषेत इर्माबाईंकडे, काढला. मेघना त्यांच्याच घरात भाड्याने राहते. माझ्याच वयाच्या, रुंद, मोठ्या आवाजाच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला स्पॅनिश. त्यांनी माझ्यापुढे हिरवी केळी सोलायला ठेवली आणि बोलायला लागल्या, मीही बोलायला लागले. दोघींचं छान जमलं, कारण दोघी बहुधा आपापल्या नवऱ्याबद्दल बोलत होतो. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की समजलं असतं तरी ऐकू आलं नसतं. मधेच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी केळीचं साल हातातून काढून घेतलं आणि कॉफी दिली, साखर घालघालून.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँच आली ती आवाजासकट आली. उतारावर पाणी गर्जत होतं तरी त्याच्यावरून मला ओळखीचं भांडण ऐकू आलं.

"बाबा, तुम्ही सुनते ही नहीं हो."

"तू आईक ना आधी. मी सांगून राहिलो न तुले."

तू. तुले. थेट, माझ्यावाचून. दोघांच्या अंगाला लोणच्याच्या तेलाचा वास येत होता. वर्कशॉपमध्ये साखळी कापताना बरणी फुटली होती, आणि मग वाया कशाला घालवायचं म्हणून लाँचच्या सगळ्या माणसांनी आंब्याच्या फोडी भाजलेल्या केळ्याबरोबर खाल्ल्या होत्या. भांडण कशावरून, तर शिवनाथ रुंद की सान हुआन, यावरून. मी ह्यांना एकटं गाठून विचारलं, काय बोलणं झालं? "काही नाई. रेल्वेच्या गोष्टी." तिला विचारलं. "काही नाही ग. पाण्याच्या."

पुढचे आठवडे मी बेकार होते. पहाटे जंगलातली माकडं अशी काही हंबरायची की हे कारखान्याचा भोंगा समजून उठून बसत, पहिल्या पाळीला उशीर झाला म्हणून चपला शोधत. मग भान आलं की मेघनाबरोबर होडीत जात. गाळ मोजायची तिची एक काळीपांढरी थाळी होती, दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. हे दोरी सोडत, डोळे बारीक करत, आकडा ओरडून सांगत आणि तो तिने लिहिल्यावर म्हणत, "पुन्हा एकदा. तपासल्याबिगर मी सही नाई करत." सही करायला कुणी सांगितलंच नव्हतं. ती खदाखदा हसायची. काठावरून मला ते ऐकू यायचं आणि आनंदाबरोबर, खोटं कशाला बोलू, थोडा मत्सरही वाटायचा.

निघताना मी तिला विचारलं, येशील ना परत? "दिवाळीला बघू," ती म्हणाली. विमानात ह्यांना विचारलं, येईल ना ती? "येईन न. कावून नाई येईन?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

तेव्हापासून दर पावसाळ्यात असंच चाललं आहे. फोन हल्ली तेच दोघं करतात, तासतासभर. पूर पाहून आले की ह्यांना निकाराग्वा आठवतं, निकाराग्वा आठवलं की मेघना, आणि मग हे आपणहून म्हणतात, यंदा दिवाळीत येईल बहुतेक. मी तेवढ्यावर श्रावण, पोळा, गणपती काढते. वरच्या खोलीतल्या चादरी बदलते. जवळच्या कुरूदकडे कुणाच्या घरी लग्नाचा मुलगा आहे याची सहज चौकशी करून ठेवते.

परवा हे बाहेर गेले असताना तिचा फोन मी उचलला. नोकरी कायमची झाली, आनंदात होती. मी म्हटलं, "मग दिवाळीले कशी जमवशीन?" पाऊस दोन्हीकडे पडत होता.

"आई," ती म्हणाली, "बाबांनी तुला सांगितलं नाही? वो तो बोट में ही तय हो गया था."

मग तिने सांगितलं. उतार पार झाला होता. काठावरून एका म्हातारीने तिला नावाने हाक मारली, ही काहीतरी ओरडली, दोघी हसल्या. तेव्हा हे पाण्याकडे बघत म्हणाले, "इथं तू मोठ्यानं हासते. तिकडं नव्हती हासत. राह्य इथंच." ती रडायला लागली. तर हे म्हणाले, "तुह्या आईले आत्ताच नको सांगू. ती तुले न्यायले आली हाय. तिले मी सांगीन, हळूहळू."

फोन ठेवला आणि मला असा संताप आला की हे येण्याची वाट बघत दारातच उभी राहिले. इतके पावसाळे. इतक्या चादरी. काय काय बोलायचं ते मी ओळीने ठरवलं, आणि ते सोडून इतरही बरंच काही.

हे आले ते मला न बघता अंगणातच थांबले. तोंडल्याचा वेल वाऱ्याने खाली आला होता, त्याला सुतळीने बांधू लागले. पाठमोरे, भिजलेले, मान जरा वाकलेली. बांधता बांधता म्हणाले, "यंदा दिवाळीले येईन वाटते आपली मेघा. वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकून ठेवशीन."

बांधून झालेली गाठ त्यांनी सोडली आणि तीच पुन्हा बांधायला घेतली. आयुष्यभरात ह्यांना एक खोटं धड बोलता आलेलं नाही.

"हो," मी म्हटलं. "ऊन पडलं का टाकतो."